गर्वाचे घर आणि बर्फाचा उतार

इ. स. २०२५ हे वर्ष इंग्रजी चित्रपटांच्या रसिकांना दोन दुःखद वार्ता देऊन गेले. फेब्रुवारीत जीन हॅकमन गेले आणि सप्टेंबरात रॉबर्ट रेडफर्ड. दोघांवरही ठिकठिकाणी मृत्युलेख आले आणि त्यांत दोघांच्या गाजलेल्या भूमिकांची नामावळी आली. परंतु ज्या चित्रपटात हे दोघे शिक्षक आणि शिष्य म्हणून समोरासमोर उभे राहिले, त्या १९६९ सालच्या ‘डाउनहिल रेसर’चा उल्लेख आमच्या वाचनात फारसा आला नाही. आला तो ओझरता. त्या निमित्ताने आम्ही तो चित्रपट पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला होता तेव्हा तो आम्हांस कोरडा वाटला होता. या वेळी मात्र त्या कोरडेपणातच त्याचे सत्त्व आहे, असे वाटू लागले. हा बदल का झाला, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

चित्रपटाचा विषय आहे बर्फाच्या उतारावरून वेगाने खाली येण्याच्या शर्यतीचा. माळव्याच्या पठारावर ज्यांच्या चार-सहा पिढ्या गेल्या, त्या आपल्या घराण्यांना बर्फ ठाऊक आहे तो उन्हाळ्यातल्या गोळ्याचा. तेव्हा या खेळाविषयी दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. आल्पाइन स्कीइंगमध्ये काही प्रकार वळणांच्या कौशल्याचे, तर काही निव्वळ वेगाचे. वेगाच्या प्रकारांत ‘डाउनहिल’ हा मूळचा आणि ‘सुपर-जी’ हा १९८०च्या दशकात आलेला. स्लॅलमसारख्या वळणांच्या शर्यतीत दोन फेऱ्यांची वेळ एकत्र धरतात. डाउनहिलमध्ये एकच फेरी असते. किट्झब्यूल येथील ‘श्ट्राइफ’ हा प्रसिद्ध उतार ३,३१२ मीटर लांबीचा असून त्यात ८६० मीटरची उंची उतरावी लागते. फ्रिट्झ श्ट्रोब्ल याने १९९७ साली तो १ मिनिट ५१.५८ सेकंदांत पार केला. वेंगन येथील लाउबरहॉर्नच्या उतारावर २०१३ साली फ्रान्सच्या योहान क्लारे याचा वेग ताशी १६१.९ किलोमीटर नोंदला गेला. आणि हे सारे दोन फळ्यांवर, उघड्या हवेत, गुडघ्यांच्या भरवशावर!

आणखी एक बारकावा या चित्रपटाच्या आकलनासाठी आवश्यक आहे. खेळाडू एकामागून एक सोडले जातात. आधी गेलेल्यांच्या फळ्यांनी बर्फात चर पडतात, पृष्ठभाग खराब होतो, आणि मागून येणाऱ्यास त्याच खराब वाटेने जावे लागते. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही आपली म्हण येथे अर्धीच लागू पडते. पुढच्याच्या चुका मागच्याला कळतात खऱ्या, पण त्याने पाडलेले चरही त्याच्याच वाट्याला येतात. म्हणून नवख्याला मिळणारा मागचा क्रमांक म्हणजे शर्यत सुरू होण्यापूर्वीच झालेला अन्याय असतो.

चित्रपटाचा नायक डेव्हिड चॅपलेट या अन्यायानेच आपली ओळख करून देतो. संघातील एक खेळाडू जायबंदी होतो आणि त्याच्या जागी कोलोरॅडोतील एका लहानशा गावच्या या तरुणास युरोपात बोलावले जाते. वेंगनला त्याला फार मागचा क्रमांक मिळतो, तेव्हा तो सरळ शर्यतीत उतरण्यासच नकार देतो. प्रशिक्षक क्लेअर संतापतो. ही भूमिका हॅकमन यांची. पुढल्या शर्यतीत हाच चॅपलेट चौथा येतो, किट्झब्यूलला पडतो, पुढल्या हंगामात जिंकू लागतो आणि अखेरीस ऑलिंपिकमध्ये उतरतो. कथानक म्हणावे तर एवढेच.

या साध्या कथानकात काय नाही, ते पाहण्यासारखे आहे. नायकाला पश्चात्ताप होत नाही. तो कोणाचा मित्र होत नाही. संघाविषयी त्याला आस्था वाटू लागत नाही, प्रशिक्षकाचे शहाणपण त्याच्या अंगी उतरत नाही, प्रेमाने तो बदलत नाही. आपल्या चरित्रवाङ्मयाची आणि खेळाडूंवरील चित्रपटांची रीत याच्या नेमकी उलटी आहे. तेथे विजय हे चारित्र्याचे फळ असते. आधी माणूस सुधारतो, मग तो जिंकतो. चॅपलेट मुळीच सुधारत नाही आणि तरी जिंकतो. पहिल्या खेपेस आम्हांस जो कोरडेपणा जाणवला, तो या अपेक्षाभंगाचा होता.

ही दृष्टी आली कोठून? चित्रपट ओकली हॉल यांच्या १९६३ सालच्या कादंबरीवर आधारलेला म्हणून सांगितला जातो, परंतु त्याचा आत्मा पटकथाकार जेम्स सॉल्टर यांचा आहे. सॉल्टर कोरियाच्या युद्धात लढाऊ विमानाचे वैमानिक होते आणि त्यांची पहिली कादंबरीही वैमानिकांवर होती. शत्रूची किती विमाने पाडली यावर जेथे माणसाची किंमत ठरते, तेथे शत्रूपेक्षा शेजारचा सोबती हाच खरा प्रतिस्पर्धी होतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. पटकथेसाठी ते व रेडफर्ड १९६८ च्या ग्रनोबल ऑलिंपिकच्या सुमारास अमेरिकी संघाच्या सहवासात राहिले. त्या ऑलिंपिकची डाउनहिल फ्रान्सच्या ज्याँ-क्लोद किली याने आपल्याच संघातील गी पेरिया याला सेकंदाच्या आठ शतांशांनी मागे टाकून जिंकली होती. आठ शतांश म्हणजे पापणी लवण्याहूनही कमी वेळ. एवढ्या अंतराने ज्यांची आयुष्ये वेगळी होतात, त्यांच्या शीलात तेवढाच फरक असला पाहिजे असे कोण म्हणेल?

दिग्दर्शक मायकेल रिची यांचा हा पहिलाच चित्रपट. उतारावरील दृश्यांसाठी त्यांनी जो जे जॅल्बर्ट या स्कीपटूच्या हाती कॅमेरा दिला आणि तो स्वतः वेगाने खाली येत चित्रण करीत राहिला. त्यामुळे प्रेक्षक नायकाकडे पाहत नाही, नायकाला जे दिसते ते पाहतो. जमीन अंगावर धावून येते, कडा एकाएकी संपतो, कानांत वाऱ्याचा फूत्कार आणि टणक बर्फावरचा फळ्यांचा खडखडाट भरून राहतो. संगीताचा आधार फारसा नाही. येथे मनात विचार येण्यास जागाच नसते. चॅपलेटच्या अबोलपणाचे आणि आप्पलपोटेपणाचे समर्थन चित्रपट करीत नाही, परंतु त्या दीड-दोन मिनिटांत त्याला दुसरे कोणी का दिसत नाही, हे मात्र आपल्या डोळ्यांना पटवून देतो.

आमच्या मते या चित्रपटाची खरी बांधणी शर्यतींवर नव्हे, तर पडण्यांवर आहे. आरंभी एक सहकारी पडतो म्हणून चॅपलेटला संघात जागा मिळते. मध्ये तो स्वतः किट्झब्यूलला पडतो. ऑलिंपिकच्या तोंडावर संघातील ज्येष्ठ खेळाडू क्रीच जायबंदी होतो आणि चॅपलेटच सर्वांची आशा होऊन बसतो. आणि शेवटी, चॅपलेटने सर्वोत्तम वेळ दिल्यावर लोक त्याला घेरून जल्लोष करीत असताना ध्वनिक्षेपकावरून वार्ता येते की, उतारावर असलेला एक जर्मन खेळाडू मधल्या टप्प्यात त्याच्यापेक्षाही पुढे आहे. जल्लोष थांबतो. रेडफर्ड यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी भीती दिसते, तीत अभिनयाचा कसलाही आविर्भाव नाही. मग तो जर्मन पडतो आणि जल्लोष पुन्हा सुरू होतो. चार पडण्यांपैकी तीन दुसऱ्यांची. या तिन्हींनी चॅपलेटला वर चढविले, आणि त्या तिघांपैकी कोणीही त्याच्यापेक्षा वाईट माणूस होता असे चित्रपट सुचवीत नाही. सुवर्णपदक त्याने मिळविले हे खरे, पण ते त्याच्याकडे राहिले ते दुसऱ्याचा तोल गेल्यामुळे.

याच्या जोडीला घरी परतण्याचा प्रसंग आठवावा. दोन हंगामांच्या मध्ये चॅपलेट आपल्या गावी जातो. बाप एकटा, अबोल, मुलाच्या पराक्रमाविषयी निर्विकार. हा सारा खटाटोप कशासाठी, असा त्याचा रोख आहे, आणि मुलापाशी त्याला पटेल असे उत्तर नाही. आपल्यापैकी ज्यांचे पूर्वज कधीकाळी गाव सोडून परमुलखात आले, त्यांना या प्रसंगाची ओळख पटावी. वर्षांनी मूळ गावी गेल्यावर तेथील वडीलधाऱ्यांनी आपली मजल मोजावयास नकार द्यावा, ही बोच आपल्याकडच्या अनेक घरांत सांगितली जाते. तो प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा असला, तरी चॅपलेटविषयी आपल्याला जी काही करुणा वाटते, ती तेथेच उगम पावते.

येथवर आम्ही प्रशंसाच केली. आता दोषांकडे वळू. चित्रपटातील स्त्रिया केवळ नायकाची अलिप्तता सिद्ध करण्यापुरत्या येतात. कॅरोल स्टाल ही स्कीच्या कारखानदाराकडे काम करणारी स्त्री खरे तर या व्यवसायाचे गुपित जाणणारी. त्या काळी ऑलिंपिकमध्ये हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे, आणि कारखानदारांचा पैसा मागील दाराने येत असे. याच कारणावरून १९७२ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रांत्झ याला सापोरोच्या ऑलिंपिकमधून शर्यतीपूर्वीच परत पाठविले गेले. चित्रपटाला हे सारे ठाऊक आहे, परंतु कॅरोलच्या तोंडून ते वदवून घेण्याची संधी तो वाया घालवितो. दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. चित्रपट शर्यतीचा आहे, कारकीर्दीचा नाही. विजयाशी तो थांबतो. वेगाच्या शर्यती खेळणाऱ्याचे आयुष्य मात्र विजयाशी थांबत नाही, आणि त्याची खरी परीक्षा तेथूनच पुढे असते.

हे आम्ही कल्पनेने म्हणत नाही. चित्रपटानंतर पंधरा वर्षांनी जणू तीच कथा प्रत्यक्षात घडली. १९८४ पर्यंत अमेरिकेच्या एकाही पुरुषाला आल्पाइन स्कीइंगचे ऑलिंपिक सुवर्ण मिळालेले नव्हते. त्या वर्षीच्या जानेवारीत बिल जॉन्सन नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाने वेंगनची डाउनहिल जिंकली. किशोरवयात मोटारचोरीच्या प्रकरणात सापडल्यावर न्यायाधीशाने त्याला तुरुंगाऐवजी स्कीइंगच्या शाळेची वाट दाखविली, असा त्याचा पूर्वेतिहास. फेब्रुवारीत साराएव्होला आल्यावर आपणच जिंकणार, असे तो उघडपणे सांगत सुटला. ब्येलाश्नित्साचा उतार तुलनेने सौम्य होता आणि अंग दुमडून, वारा चुकवीत घसरत राहण्यात जॉन्सनचा हात धरणारा कोणी नव्हता. १६ फेब्रुवारी रोजी त्याने १ मिनिट ४५.५९ सेकंदांत शर्यत पुरी केली आणि स्वित्झर्लंडच्या पेटर म्युलर याला २७ शतांशांनी मागे टाकले. त्याच हंगामात ॲस्पेन व व्हिसलर येथेही तो जिंकला. पुढल्याच वर्षी त्याच्या जीवनावर अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी चित्रपट निघाला.

त्यानंतर विश्वचषकाची एकही शर्यत तो जिंकला नाही. दुखापती झाल्या. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली नाही. त्याचा पहिला मुलगा अगदी लहानपणी पाण्यात बुडून गेला. पुढे संसार मोडला. चाळिशीत त्याने पुन्हा शर्यतींत उतरून २००२ च्या ऑलिंपिकला जाण्याचा ध्यास घेतला. मार्च २००१ मध्ये मोंटाना राज्यातील उतारावर, राष्ट्रीय स्पर्धेच्या निमित्ताने झालेल्या फेरीत तो भयंकर पडला. मेंदूला इजा झाली, कित्येक दिवस तो बेशुद्ध होता. बोलणे-चालणे पुन्हा शिकावे लागले. पुढे पक्षाघाताचे झटके आले, आणि जानेवारी २०१६ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

हे वाचताना वाचकाच्या ओठांवर एक म्हण आली असेल. आमच्याही आली होती: गर्वाचे घर खाली. बढाई मारणारा, कोणाची पर्वा न करणारा तरुण, आणि मग हा अंत! कीर्तनकाराला पूर्वरंगानंतर उत्तररंगासाठी याहून चांगले आख्यान कोणते मिळावे? परंतु याच ठिकाणी आम्ही स्वतःस थांबविले, आणि थांबविले ते ‘डाउनहिल रेसर’ने. पडणे ही शिक्षा आहे असे मानावयाचे, तर त्या चित्रपटातील पडलेल्या तिघांचा अपराध कोणता?

चित्रपट सोडून प्रत्यक्षाकडे या. ऑस्ट्रियाची उलरिके मायर सुपर-जी या प्रकारात १९८९ व १९९१ अशी दोनदा जगज्जेती झाली. लहान मुलीची आई असूनही ती शर्यती खेळत होती. २९ जानेवारी १९९४ रोजी गार्मिशच्या डाउनहिलमध्ये ती पडली आणि मरण पावली. तिच्या घराला कोणत्या गर्वाची वाळवी लागली होती? उताराला माणसाचे शील कळत नाही. कळते ते फळीच्या कडेचे आणि बर्फाचे नाते, जे एका क्षणी टिकते आणि दुसऱ्या क्षणी सुटते. जॉन्सनच्या १९८४ च्या विजयाला त्याची बढाई कारण नव्हती, तशीच २००१ च्या पडण्यालाही नव्हती. बढाई दोन्ही वेळा होती, एवढेच. तिच्यात आणि परिणामात कार्यकारणाचा धागा ओवला तो आपण, ऐकणाऱ्यांनी.

याच साराएव्होच्या शर्यतीत दहावा आलेला खेळाडू होता फ्रान्त्झ क्लामर. आठ वर्षांपूर्वी, ५ फेब्रुवारी १९७६ रोजी, इन्सब्रुकजवळच्या पाचरकोफेलच्या उतारावर, मधल्या टप्प्यात मागे असूनही, त्याने स्वित्झर्लंडच्या बेर्नहार्ड रुसीला ३३ शतांशांनी हरविले होते. जुन्या रसिकांना पिवळ्या पोशाखातली ती तोल जाता जाता सावरत आलेली धाव अद्याप आठवते. त्याच्यावर २०२१ साली निघालेला ऑस्ट्रियन चित्रपटही त्या ऑलिंपिकच्या मोजक्या दिवसांवरच बेतलेला आहे. परंतु क्लामरच्या कारकीर्दीत आम्हांस अधिक मोलाची वाटतात ती त्यापुढची वर्षे. १९७७ साली त्याचा धाकटा भाऊ शर्यतीत पडून कायमचा पंगू झाला. जिंकणे पुढे जवळजवळ चार वर्षे बंद झाले. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकच्या संघात जागा मिळाली नाही, आणि राखीव म्हणून गेलेल्या लेओनहार्ड श्टॉकने तेथे सुवर्ण मिळविले. डिसेंबर १९८१ मध्ये व्हाल दिझेरला क्लामर पुन्हा जिंकला, १९८३ मध्ये डाउनहिलचा विश्वचषक त्याने पाचव्यांदा घेतला आणि १९८४ मध्ये किट्झब्यूलला चौथ्यांदा विजयी झाला. आणि हरलेला रुसी? तो पुढे डाउनहिलच्या उतारांची आखणी करणारा म्हणून जगभर मान्यता पावला. कित्येक ऑलिंपिकचे खेळाडू त्याने आखलेल्या वाटेवरून उतरले.

तर मग क्लामर विनयी म्हणून तरला आणि जॉन्सन उद्धट म्हणून बुडाला, असे म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, आणि खोटेही आहे. क्लामरच्या चार वर्षांच्या अपयशात कोणताही उद्धटपणा नव्हता. फरक शोधावयाचाच तर तो अन्यत्र शोधावा. क्लामरच्या देशात हिवाळाभर लोक या खेळाखेरीज दुसरे काही बोलत नाहीत, आणि हरलेल्या खेळाडूलाही तेथे गावात, संघात, व्यवसायात जागा असते. रुसीला शर्यत संपल्यावरही उतार होता. जॉन्सनपाशी सुवर्णपदक होते आणि त्याच्याभोवती फारसे काही नव्हते. पडझड कोणाचीही होते. पडलेल्याला उचलावयास कोण उभे आहे, हा प्रश्न समाजाचा आहे. ‘गर्वाचे घर खाली’ म्हटले की तो प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही, आणि म्हणूनच ती म्हण आपल्याला इतकी सोयीची वाटते.

‘डाउनहिल रेसर’ हा प्रश्न विचारीत नाही, ही त्याची उणीव आम्ही वर सांगितलीच. परंतु तो खोटे उत्तरही देत नाही, हे त्याचे मोठेपण. पदक मिळाल्यावर नायकाला शहाणा करण्याचा मोह त्याने टाळला, तसाच त्याला धडा शिकविण्याचा मोहही टाळला. मराठीत खेळाडूंची चरित्रे अलीकडे पुष्कळ निघत आहेत. त्यांत ‘अथक परिश्रम’ आणि ‘अढळ निष्ठा’ यांची रेलचेल असते, आणि अपयशाचे प्रकरण आले की लेखकाला कोठेतरी दोष सापडलाच पाहिजे असा दंडक असतो. या चरित्रकारांनी हा चित्रपट पाहावा, असे आम्हांस मनापासून वाटते. निकाल आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे जरी त्यांनी त्यातून घेतले तरी पुष्कळ झाले.

चित्रपट एकशे एक मिनिटांचा आहे. ज्यांना तो उपलब्ध होईल त्यांनी शेवटची काही मिनिटे विशेष लक्ष देऊन पाहावीत. लोकांनी घेरलेल्या चॅपलेटकडे पाहून झाल्यावर त्या पडलेल्या जर्मन खेळाडूकडेही पाहावे आणि त्याचे नाव आपल्या ध्यानात राहिले काय, हे स्वतःस विचारावे. दोनदा पाहूनही आमच्या ते राहिले नव्हते. तिसऱ्या खेपेस आम्ही केवळ त्याच्यासाठी पाहणार आहोत.